होडी सोडू नकोस

सुळक्या खडकामागे भरती वळते, तिथे
ओड्वारची कयाक उलटली.
आधी तिचं पिवळं पोट दिसलं,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग त्याचं डोकं, टोपीवाचून,
आणि एक शब्द, जो आमच्या बेटावर
रविवारी कोणी उच्चारत नाही.

मे महिना. पाणी सात अंश.
आयडर बदकांच्या माद्या अंड्यांवर बसलेल्या,
म्हणून या दिवसांत इथे कोणी इंजिन लावत नाही,
वल्ह्यानेच जायचं, तेही हळू.
माझ्याशिवाय त्या वाटेवर कोणी नव्हतं
आणि मी सहा वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते.

वडिलांच्या होडीघराचे दोन भाग झाले,
कुलूप एकच राहिलं, किल्ली त्याच्याकडे.
तेव्हापासून माझी बहीण तुरिल
नाताळात दोन घरी दोनदा जेवते.

बुडत्याला काडीचा आधार, म्हणतात.
काडीला कोणी विचारत नाही.
म्हणून मी थेट त्याच्याजवळ गेले नाही.
दोन वल्ह्यांच्या अंतरावर थांबले.
वारा कुठून, खडक किती लांब,
आणि त्याचे डोळे:
शुद्धीवरचे, की नुसते उघडे.
त्याने माझ्या दंडाकडे हात टाकला.
मी मागे सरले.
मागे सरले, हो. ते त्याच्या लक्षात राहील.
"मला नाही. तुझ्या होडीला धर. सोडू नकोस."
सहा वर्षांतलं माझं पहिलं बोलणं.

तिची नाळ उचलली,
माझ्या डेकवर आडवी ओढली.
उपड्या पोटातून समुद्र भळाभळा निघाला,
त्याच्यासोबत एक थर्मास, एक हातमोजा.
मग तिला सुलटी केली,
फिरवून शेजारी आणली, तोंड माझ्या पाठीकडे,
दोन मारकी गुरं एका दावणीला बांधावीत तशी.

आणि वाकले.
छातीने, बगलेने, हनुवटीने
त्याच्या रिकाम्या बैठकीच्या कडेवर पडले.
युक्ती म्हणाल तर एवढीच:
आपला तोल आपल्याकडे ठेवायचा नाही,
दुसऱ्याच्या होडीवर टाकायचा.
एकेकट्या दोघी डुगडुगतात.
मिळून तराफा होतो,
आणि तराफा सहसा उलटत नाही.

"पाय वर. पालथा हो. पोट डेकवर.
घाई नको. मी धरलंय."
मी धरलंय, हे तीनदा म्हणाले.
एकदा त्याला, एकदा होडीला,
तिसऱ्यांदा कोणाला, ते माहीत नाही.

सील खडकावर चढतो तसा तो आला, बेढब,
गुडघा माझ्या कानावर आपटला.
पाय आत, मग अंग माझ्या बाजूला कलंडवत
हळूहळू वळून बसला.
त्याला वाटलं, आता मी सोडणार.
सोडलं नाही.
इथेच तर चुकतात माणसं.
वर आला, झालं, म्हणून हात काढून घेतात
आणि तो पुन्हा पडतो,
तेव्हा त्याच्या अंगात हाक मारायचंही उरलेलं नसतं.

पंप दिला. तो उपसत राहिला,
मी धरून राहिले.
त्याचे दात माझ्या कानाशी वाजत होते.
भरती आम्हा दोघांना घेऊन
हव्या त्या दिशेला निघालेली,
खडकापासून लांब तरी.

"तुरिलला सांगू नकोस."
"ती सकाळी दुर्बिणीतून बदकं मोजते," मी म्हणाले.
तो हसला असेल. किंवा थंडीने ओठ हलले.

किनाऱ्यापर्यंत मी त्याच्या मागे राहिले,
दिसेल इतक्या अंतरावर.
घरी आल्यावर आठवलं, पंप त्याच्याकडेच राहिला.

गुरुवारी दाराच्या कडीला एक पिशवी होती.
आत पंप, गोड्या पाण्याने धुतलेला, कोरडा केलेला.
किल्ली नव्हती.
पिशवी उलटी करून पाहिली मी.
दोनदा.